श्यामलाताईंचा डिसेंबरातला वाढदिवस

आमच्या समोरच्या फ्लॅटला बरीच वर्षं कुलूप होतं. ते उघडलं मार्चमध्ये, कानडी मुलखातल्या आमच्या सर्जापूर रोडवर पाण्याचे टँकर एकमेकांवर हॉर्न वाजवत होते त्या दिवसांत. आत आल्या श्यामलाताई रणपिसे. बरोबर दोन कपाटं, कढीपत्त्याची एक कुंडी आणि एक पेटी. पेटी म्हणजे वाजवायची. सामान उतरवणाऱ्यांना त्या सारख्या बजावत होत्या, "सावकाश की रे, तिचा भाता फाटंल."

हा फ्लॅट त्यांच्या यजमानांनी, दामोदररावांनी, बुक केला तेव्हा इथे निलगिरीची बनं होती म्हणे. दामोदरराव शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्याला, हवाई दलाच्या स्टेशनात स्टोअरकीपर होते आणि श्यामलाताई तिथल्याच एका नर्सिंग होममध्ये नर्स. निवृत्तीनंतर दोघांचं इथे राहायचं ठरलं होतं. बिल्डरने ताबा द्यायला इतका वेळ लावला, की ताब्याचं पत्र आलं तेव्हा सही करायला दामोदरराव उरले नव्हते. मूलबाळ नाही. ताई पुढे बरीच वर्षं येलहंक्यालाच भाड्याने राहिल्या, कारण तिथे ओळखीची चार मराठी घरं होती. एकेक करून तीही बदलीच्या गावांना गेली, तेव्हा त्या इकडे आल्या.

सकाळी त्या पेटीवर गायच्या. चाल अगदी आपल्या ओवीची. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, वा, शेजार भजनी मिळाला! मग एकदा दारात उभी राहून नीट ऐकलं, तर शब्द येशूचे. मी पुण्याची. न विचारता गप्प बसणं आम्हांला जमत नाही. विचारलं.

"हो की," त्या म्हणाल्या. "आमचे आजोबा मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर होते. आम्ही तिथलेच ख्रिस्ती. ये, बस, चहा घे."

"मग सोसायटीत कुणाला माहीत आहे?"

"विचारलं तर सांगीन. कुणी विचारतच न्हाई."

खरं होतं ते. आमच्या सोसायटीत मराठी मंडळ आहे. त्याचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे, अध्यक्ष आहेत, गणपती आहे. श्यामला नाव, नेसायला साडी, बोलायला मराठी, आणि नवरा नसल्यामुळे कपाळ मोकळं का याचीही कुणाला शंका नाही. मंडळाने त्यांना पहिल्याच दिवशी आपल्यात घेतलं. गणपतीत त्या मागे उभ्या राहून टाळ्या वाजवत. दिवाळीला सगळ्या मराठी घरांतून त्यांच्याकडे फराळाची ताटं गेली. ती परत मात्र आली नाहीत. लिफ्टमध्ये एक-दोघींनी मला आडून विचारलंही, "अश्लेषा, त्या काकू ताटं विसरल्या का गं?"

विसरतील कशाला? ताटं घासूनपुसून, कुणाचं कुठलं ते लक्षात ठेवून त्यांच्या ओट्यावर रचलेली होती. आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही ही आपली रीत त्यांनाही माझ्याइतकीच पक्की ठाऊक. "साखर घालून आत्ता देता येईल की," त्या म्हणाल्या. "पर आमचा फराळ नाताळला असतो. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, सगळं. तेव्हा भरून देते. माझ्याही घरी सण असतो हे कळंल सगळ्यांना."

हे सांगताना त्या लहान मुलीसारख्या खूश होत्या. येलहंक्याची घरं पांगल्यापासून त्यांना नाताळच्या शुभेच्छा मराठीत कुणी दारी येऊन दिल्या नव्हत्या. इथे जवळच्या चर्चमध्ये त्या जातात, पण तिथली भक्ती इंग्रजीत, माणसं केरळची नाहीतर तमिळ. उपासना संपली की "हॅपी ख्रिसमस, आंटी" म्हणून जो तो पार्किंगकडे पळतो. ज्यांची भाषा आपली त्यांचा देव वेगळा, ज्यांचा देव आपला त्यांची भाषा वेगळी. मधल्या जागेत ताई एकट्या.

आणि डिसेंबरात आमच्या ग्रुपवर भांडण पेटलं.

सुरुवात केली सिद्धीने. ही मुंबईची, सातव्या मजल्यावरची, मनाने चांगली, बोटाने उतावीळ. तिने आपल्या मुलीचा सांताच्या टोपीतला फोटो टाकला, खाली "मेरी ख्रिसमस इन ॲडव्हान्स, एव्हरीवन!" दुसऱ्या मिनिटाला सुमंतकाका आले. सुमंतकाका निवृत्त प्राध्यापक. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेलं पुढे ढकलतात, पण या वेळी स्वतः लिहिलं. आपलं नववर्ष पाडव्याला, आपला सण दिवाळी, हे उसने सण मराठी मंडळात कशाला? मग नागपूरचा रोशन म्हणाला, "काका, मी बौद्ध आहे. पाडव्याला तुम्ही सगळे गुढ्यांचे फोटो टाकता, मी कधी काही बोललो का?" काकांनी लिहिलं, "तुमच्याबद्दल नाही हो बोलत." झालं! ज्याला ज्याला तोंड होतं त्याने ते घातलं. कुणी म्हणालं शुभेच्छा द्यायला काय जातं, कुणी म्हणालं त्यातच सगळं जातं.

मी तेव्हा ताईंकडेच होते, करंज्यांचं सारण परतायला. दोघींचे फोन ओट्यावर टणटणत होते. मग सुमंतकाकांचा तो प्रश्न आला.

"आपल्या ग्रुपमध्ये ख्रिस्ती आहे का कोणी? नाही ना? मग शुभेच्छा देता कुणाला?"

ताईंनी चष्मा लावून तो वाचला. नंतर चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा वाचला. माझं डोकं असं फिरलं की सारण खाली लागायला आलं.

"लिहा ना ताई! लिहा, मी आहे म्हणून. नाहीतर मी लिहिते."

"नको," त्या एकदम म्हणाल्या. "आत्ता लिहिलं तर माझ्या नावावर दोन बाजू पडतील. अर्धे माझ्याकडनं भांडतील, अर्धे माझ्याशी. मला पाव्हणे हवेत गं, वकील नकोत."

प्रश्न तसाच राहिला. त्याला उत्तर कुणीच दिलं नाही, कारण प्रत्येकाची खात्री होती की उत्तर त्याला माहीत आहे.

संध्याकाळी अध्यक्षांनी निकाल दिला. अध्यक्ष जयसिंगराव शहराच्या जुन्या भागातले, चामराजपेटचे. त्यांच्यासारखी मराठी घराणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि अर्ध्या वाक्यात कानडी घातल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नाही. त्यांनी आवाजातच निरोप टाकला. "स्वल्प ऐका सगळे जण. आजपासून ग्रुपात कुठल्याच धर्माच्या सणाचं विश करायचं नाही. आणि सणाचं ताट, प्रसाद हेही दारोदार द्यायचं नाही. कुणाचं मन मोडायला नको. सरी? आता पुरे!" यावर कुणीतरी गणपतीचं काय म्हणून विचारलं. गणपती हा सांस्कृतिक कार्यक्रम आहे, असं लगेच स्पष्ट करण्यात आलं. शांतता झाली आणि सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं टाकली.

ताईंच्या डब्यांत मात्र करंज्या भरलेल्या होत्या.

"नियम गेला खड्ड्यात," मी म्हणाले. "चला, मी येते बरोबर ताटं द्यायला."

पण त्या पडल्या नर्स. उभा जन्म नियमात काढलेला. दारात जावं आणि समोरच्याने संकोचून ताट घ्यावं, किंवा घ्यावं की नाही या विचारात उंबऱ्यात उभं राहावं, हे त्यांना सोसणार नव्हतं. चोवीस तारखेला दुपारी त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "उद्या संध्याकाळी सगळ्यांनी माझ्या घरी फराळाला या. आपापली ताटंही घेऊन जा." सणाचं नाव नाही, काही नाही. आलेल्यांना घरीच कळेल, असा त्यांचा हिशेब.

सिद्धीने लगेच विचारलं, "काकू, काय स्पेशल? बर्थडे आहे का तुमचा?"

मी फोन हातात धरून वाट बघत होते. उत्तर यायला बराच वेळ लागला. मग आलं, एकच अक्षर.

"हो."

तशीच स्लिपर घालून समोर धावले. ताई खुर्चीत बसल्या होत्या आणि फोन मांडीवर उलटा पडला होता. "न्हाई म्हटलं असतं तर मग कशाचं, असं विचारलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि कशाचं ते लिहायला बंदी आहे. कुणी आलंच नसतं गं." मला राग आला होता, पण तो कुणावर काढावा ते कळेना. फोनवर फुगे आणि केक यांचा पाऊस पडत होता. वाढदिवसाला धर्म नसतो, त्यामुळे जयसिंगरावांनीही दोन फुलं टाकली होती.

पंचवीस तारखेला संध्याकाळी त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सिद्धीने केक आणला, त्यावर ताईंचं नाव. रोशनने फुलं आणली. सुमंतकाका सपत्नीक आले आणि शाल घेऊन आले. चकल्या खुसखुशीत होत्या, करंज्यांना तोड नव्हती. काकांनी तीन खाल्ल्या आणि म्हणाले, "याला म्हणतात आपली चव!"

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ताईंनी येशूजन्माची गव्हाणी मांडली होती. मिरजेहून आणलेली मातीची जुनी चित्रं: वाळलेल्या गवतावर बाळ, शेजारी आई, बाप, एक गाय, दोन मेंढ्या. ती त्यांनी लपवली नव्हती. मला वाटतं, कुणीतरी बघेल आणि ओळखेल या आशेवरच ती तिथे होती. डिसेंबरभर इथल्या प्रत्येक मॉलमध्ये हाच देखावा असतो, आणि आमची मंडळी त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढतात. पण श्यामलाकाकूंच्या घरात तो असू शकतो, हे कुणाच्या डोक्यातच शिरलं नाही.

"अय्या, गोकुळ!" सिद्धी ओरडली. "किती क्यूट!"

सुमंतकाका वळले. चष्मा वर करून त्यांनी बाळाकडे पाहिलं, गाईकडे पाहिलं, आणि वाकून दोन्ही हात जोडले. खराखुरा, मनापासूनचा नमस्कार. मला हसू फुटणार होतं. तेवढ्यात ताईंच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि हसू घशातच राहिलं. एकटा रोशन गव्हाणीकडे जरा जास्त वेळ बघत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी ताईंकडे पाहिलं, त्यांनी अगदी बारीक मान हलवली. नको.

मग त्यांना केक कापायला लावला. सगळे टाळ्या वाजवून गायले. ताई मेणबत्तीकडे बघत उभ्या होत्या, डोळ्यांत पाणी होतं. "काकू किती इमोशनल झाल्या," असं कुणीतरी कौतुकाने म्हणालं. जाताना प्रत्येकाच्या हातात त्याचं त्याचं ताट होतं, करंज्यांनी भरलेलं.

मी मागे राहून कपबश्या विसळल्या. ताई ओट्यापाशी स्टुलावर बसल्या.

"ताई, नाताळच्या शुभेच्छा," मी म्हटलं. सकाळीही म्हटलं होतं.

"तुलाही," त्या म्हणाल्या. "तू म्हणतेस ते फार बरं वाटतं गं. पर दोघींच्यातच म्हटलं की गुपित सांगितल्यागत होतं. सण झाल्यागत होत न्हाई." मग त्यांनी डोळे पुसले आणि उरलेल्या करंज्या माझ्या डब्यात भरायला घेतल्या. एवढी माणसं येऊन गेलेलं घर इतकं सुनं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्यांची फार दया आली. दया आवडणारी बाई नव्हे ती, म्हणून डबा घेऊन घरी आले.

पुढे ऑगस्टमध्ये मी कढीपत्ता मागायला त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. त्या फोन स्पीकरवर ठेवून बोलत होत्या, तिकडून मिरजेचा त्यांचा धाकटा भाऊ.

"अक्का, वाढदिवसाच्या शुभेच्छा! काय केलंस आज गोडाचं?"

"शेवयांची खीर," ताई म्हणाल्या. गॅसवर एवढीशी पातेली होती, एका माणसापुरती.

फोन ठेवून त्या वळल्या तर मी दारात. मी जाम भडकले. आज वाढदिवस, आणि समोरच्या घरात मला पत्ता नाही! सबंध सोसायटीत कुणालाच नाही, कारण सगळ्यांच्या लेखी तो डिसेंबरात साजरा होऊन गेलेला. सिद्धीने तर मंडळाच्या वाढदिवसांच्या यादीत त्यांचं नाव पंचवीस डिसेंबरला चढवूनही ठेवलं होतं. ज्या दिवशी त्यांचा सण, त्या दिवशी लोक वाढदिवस म्हणणार. ज्या दिवशी वाढदिवस, त्या दिवशी कुणी काहीच म्हणणार नाही.

"थांबा," मी म्हटलं आणि फोन काढला. "आता मी ग्रुपवर सगळं लिहिते. वाढदिवस आज आहे, आणि डिसेंबरात काय होतं तेही. बोलू देत सुमंतकाकांना काय बोलायचं ते."

मी लिहायला लागले. ताईंनी पुढे होऊन माझा फोनचा हात धरला. नर्सचा हात, घट्ट.

"खोड ते," त्या म्हणाल्या.

"अहो पण का?"

"आज कळलं तर ते आज येतील. डिसेंबरात मग कशाला येतील?" त्यांनी हात सोडला आणि गॅस बंद केला. "माझा वाढदिवस न्हाई झाला तरी चालतंय मला. नाताळला घर रिकामं नको गं."