उभ्या गाडीची भूक

जागच्या जागी उभ्या असलेल्या मोटरसायकलला रोज तेल पाजणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे का? नाही ना? मग नीट पाहून घ्या. तुम्हाला चहा ओतून देतेय ती हीच!

हसू नका, आधी ऐका तरी.

आपला जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, तेव्हाची गोष्ट. आम्ही सेलूला राहत होतो. आमचे हे जनावरांचे डॉक्टर. खेड्यापाड्यांत फिरायला म्हणून ह्यांनी लष्करानं विकायला काढलेली एक जुनी विलायती मोटरसायकल घेतली होती. काय तिची रचना सांगावी! इंजिनातलं जुनं तेल काढायचा बोल्ट असा दडवलेला, की आधी धुराची नळी सोडवा, मग पायरी सोडवा, मग जमिनीवर आडवे व्हा. आणि तेलाची टाकी कुठं? इंजिनापाशी नाहीच. वर, सीटखाली!

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "तहान लागली खाली आन् घागर टांगली आढ्याला. कोण्या शहाण्यानं केली रे ही गाडी?"

नवरात्र बसलं आणि त्याच दिवशी ह्यांना कामासाठी परभणीला जावं लागलं. नवमीला परतायचं, येताना मेंढ्यांची लस बर्फात घालून आणायची आणि दसऱ्याच्या सकाळी चारठाण्याला जाऊन टोचायची, असं ठरलं होतं. दसरा झाला की तिथल्या धनगरांचे कळप लांबच्या रानाला निघायचे. मग लस काय वाऱ्याला टोचणार? आदल्या वर्षी ती चुकली, तर लिंबाजी धनगराची निम्मी मेंढरं गेली होती.

निघताना हे म्हणाले, "टाकीतलं तेल तेवढं बघून ठेव. कमी वाटलं तर डब्यातलं घाल."

आता मला एखादं काम सांगितलं, की ते झालंच समजा! त्यातून घरात अखंड नंदादीप. नऊ दिवस त्याचं तेल सरू द्यायचं नाही. तेलाची झारी माझ्या हातात होतीच. देवघरातून पडवीत यायला असा काय वेळ लागतो?

दुसऱ्या दिवशी टाकीचं झाकण काढलं, तर तेल निम्म्यावर! खाली वाकून पाहिलं. फरशीवर एक थेंब नाही. मी टाकी काठोकाठ भरली. तिसऱ्या दिवशी पाहते, तर पुन्हा खाली!

आत्याबाई जपाची माळ घेऊन आल्या. "अगं सुमन, गाडी तर जागची हलली न्हाई. मग तेल खायलंय कोण?"

"आत्याबाई, जनावर दावणीला उभं असलं तरी खातंच की! ही तर विलायती."

डॉक्टरांची बायको होते मी. जनावरांतलं मला कळत होतं!

मग काय, सकाळी आधी नंदादीपात तेल, नंतर गाडीत. अष्टमीला डबा संपला. सणासुदीला तेल मिळणार कुठून? पण मी का डगमगणार? दसऱ्याच्या पुऱ्यांसाठी घाण्यावरून आणलेलं करडईचं तेल होतं ना! शुद्ध, घरचं, वर गाळून घेतलेलं. दिलं ओतून.

नवमीला सकाळी लिंबाजी तट्टावर बसून आला. "बाई, सायेब येतेत ना? परवा कळप हलवायलोत आमी."

"बिनघोर राहा, लिंबाजी. गाडी अशी भरून ठेवलीय, की चारठाणा काय, हैदराबादला जाईल!"

लिंबाजी ह्यांची वाट बघत पडवीतच बसला. दुपारी हे आले. खंडेनवमी, म्हणून गाडीला हळदकुंकू झालं, झेंडूचा हार झाला. ह्यांनी झाकण उघडून पाहिलं. "वा! टाकी तुडुंब आहे."

मी नुसती फुलले हो!

किक मारली. ती दबेचना. हे तिच्यावर अक्षरशः उभे राहिले. "अगं, ही एवढी जड कशानं झालीय?"

"नऊ दिवस बसून खातेय," मी म्हणाले.

शेवटी लिंबाजीनं मागून ढकलली. फट्! फट्! फटाक्! आणि धूर किती निघाला म्हणता? हे दिसेनात, गाडी दिसेना, लिंबाजीचं नुसतं मुंडासं दिसायला लागलं. तेवढ्यात टाकीच्या झाकणाखालून तेल उसळलं, ते थेट ह्यांच्या पांढऱ्या विजारीवर!

आणि त्या धुराला वास कसला यावा? तळणाचा! सगळ्या गल्लीला उपास, आणि सगळ्या गल्लीच्या तोंडाला पाणी.

भिंतीवरून शेजारच्या खालाबी डोकावल्या. "अगे सुमन, आज तुमारा उपास ना? भजियां तलरै क्या?"

गाडी बंद झाली. हे धुरातून बाहेर आले. विजारीचा वास घेतला. माझ्याकडे पाहिलं.

"किती तेल घातलंस?"

"रोज. लागेल तेवढं."

"अगं, गाडी उभी राहिली, की वरचं तेल झिरपून इंजिनाच्या पोटात उतरतं. सुरू केली, की पंप तेच तेल पुन्हा वर टाकीत नेतो. आधी गाडी सुरू करायची आणि मग टाकीत पाहायचं!"

"मग हे आधी नको का सांगायला?"

"तू तिला नंदादीप समजशील, हे मला कुणी सांगितलं होतं?"

आत्याबाई माळ ओढता ओढता म्हणाल्या, "तरी मी म्हनत होते, खायलंय कोण!"

मग धुराची नळी सुटली, पायरी सुटली, आमचे डॉक्टर आडवे झाले. त्या बोल्टातून घमेलंभर तेल निघालं, पण करडई मिसळलेलं, गाडीला बिनकामाचं. आता नवं तेल परभणीहून आल्याशिवाय गाडी हलणार नव्हती. आणि बर्फ तर वितळायला लागला होता. लिंबाजी एकदा लशीच्या पेटीकडं बघे, एकदा माझ्याकडं. माझी मान काही वर होईना.

शेवटी तोच म्हणाला, "सायेब, माझं तट्टू हाय की. त्याच्यावर बसा, मी संगं चालतो." मग माझ्याकडं वळून, अगदी हात जोडून म्हणाला, "फकस्त बाई, रातच्याला ह्याला कडबाच घाला. तेल नगं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे हे लशीची पेटी मांडीवर घेऊन, तट्टावर बसून चारठाण्याला गेले. लिंबाजीच्या सगळ्या मेंढरांना लस मिळाली, आणि आमच्या घरी दसऱ्याला पुऱ्यांऐवजी भाकरी झाल्या.