जावेच्या कौलावरची तार

मंडळी, आज सकाळपासून नुसता जीव जळतोय माझा.

आमच्या धसईच्या ओढ्याकाठी मोबाईलला रेंज नाय. म्हणून घरबसल्या पाण्याची मोटार चालू करायला धाकट्या जावेने, बटण दाबलं की मोटारीला इशारा देणारा छोटा रेडिओ बसवला. मग मीपण तस्साच मागवला. तिने अँटेना म्हणून तांब्याची तार मापात कापून कौलावर उभी केली. माझी भारी दिसायला पाहिजे ना! मी बोटाएवढी चकचकीत अँटेना घेतली नि रेडिओ शोकेसमध्ये ठेवला.

आज बटण दाबून दाबून थकले, मोटार ढिम्म. रागारागात भेंडीच्या वावरात पोचले, तर मोटार आपोआप सुरू!

घरी येऊन बघते तर जाऊ ओटीवर हसतेय. दोघींचे रेडिओ एकाच चॅनलवर. बटण तिने दाबलं, नि तिच्या मोटारीसोबत माझीपण धावली.

"राहू द्या ना ताई," म्हणते, "मी माझी चालू करीन तेव्हा तुमचीपण होईल."

मोटार माझी, नि ऐकते तिचं!

चॅनल मी बदलीन. पण तार केवढी कापायची, ते मेले तरी तिला विचारणार नाय. तुमच्यात कुणाला माहीत आहे का? इथे लिहू नका, वेगळा मेसेज करा. जाऊ याच ग्रुपवर आहे.