हुऑत म्हणाला, उजवा

आमच्या प्रेक तामेन गावात पोहता न येणाऱ्याला लोक हसतात आणि वल्हवता न येणाऱ्याची कीव करतात. हुऑतला दोन्ही इतक्या लहानपणी यायला लागलं की कोणी शिकवलं ते त्याचं त्यालाही आठवत नसे. मेकाँगच्या काठावर बापाबरोबर जाळी टाकत तो वाढला. मिसरूड फुटायच्या आत भंत्यांनी त्याला विहाराच्या शर्यतीच्या होडीत बसवलं, तेही पहिल्या जोडीत. पहिल्या जोडीवर सगळ्या होडीचा ताल ठरतो. त्या वर्षी राजधानीत, राजवाड्यासमोरच्या पाण्यात आमची होडी पहिली आली आणि हुऑतला लोकांनी घाटापासून विहारापर्यंत खांद्यावरून नेलं.

मग युद्धाची आणि उपासमारीची ती वाईट वर्षं आली. होड्या फोडून सरपणाला गेल्या आणि हुऑतच्या जोडीनं वल्हवणाऱ्यांतले बरेच जण गावात परतलेच नाहीत. तो परतला. पुढं दिवस जरा बरे आल्यावर वरच्या अंगाच्या जंगलातून कोकीच्या झाडाचं एक प्रचंड खोड आणलं गेलं, तेव्हा त्यावर पहिली कुऱ्हाड त्यानंच चालवली. ते खोड कोरून होडी झाली, तिच्या नाकावर डोळे रंगवले, तिच्यात वास करणाऱ्या देवीला केळी, उदबत्त्या आणि सिगारेटी वाहिल्या, आणि मागचं लांब वल्हं हुऑतच्या हातात दिलं. होडी वळवायची ती या मागच्या वल्ह्यानं. तिथं उभा राहून त्यानं आमच्या गावाला दोनदा लागोपाठ राजधानीचा मान आणून दिला. गावात पाहुणा आला की त्याला आधी विहार दाखवायचे आणि मग हुऑत.

माणूस तसा साधा. पण एका गोष्टीची घमेंड होती. "नदी मला पाठ आहे," म्हणायचा. "डोळे बांधून न्या, होडी घाटाला लावून दाखवतो." आम्ही हसायचो. शेवटी शेवटी तो जवळजवळ तसंच करत होता हे आम्हाला कुठं ठाऊक!

त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आधी लांबचं धुरकट झालं, मग जवळचंही. जिल्ह्याच्या दवाखान्यात दर वर्षी डोळ्यांचे डॉक्टर येत, भोंग्यावरून पुकारा होई, म्हाताऱ्या बायका टेम्पोत बसून जात. हुऑत गेला नाही. टेम्पोतून गेला असता तर गावानं म्हटलं असतं, आता मागचं वल्हं दुसऱ्याला द्या. तो आवाजावरून माणसं ओळखायचा, पायाखालची वाट सवयीनं चालायचा, आणि जेवताना मुलीला म्हणायचा, "मासा जरा निवडून दे गं, दात दुखतोय."

मुलीचं नाव मालिस. बायको गेल्यापासून घर तीच बघत होती. तिचा नवरा सावुत आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे लग्नानंतर सासऱ्याच्या घरीच राहायला आलेला. कमी बोलणारा, अंगानं हलका, म्हणून होडीच्या नाकावर बसायचा. तिथल्या माणसाचं काम एवढंच की पुढं बघायचं आणि हात वर करून मागच्याला खूण द्यायची. डावा हात वर, होडी डावीकडे. उजवा वर, उजवीकडे. भोंगे, ढोल, आरडाओरडा यांत तोंडानं सांगून कोणाला ऐकू जायचं?

त्या वर्षी राजधानीला जायच्या आधी तालुक्याची शर्यत होती. समोर शेजारच्या गावाची होडी. आम्ही अर्ध्या होडीनं पुढं होतो. मी मधल्या जोडीत होतो. वल्हवताना मान खाली आणि नजर पुढच्याच्या पाठीवर ठेवायची असते; वर बघितलं की ताल चुकतो. त्यामुळे मी काही पाहिलं नाही. नवीन धक्क्यासाठी त्याच उन्हाळ्यात नदीत काँक्रीटचे खांब उभे केले होते. हुऑतच्या पाठांतरात ते नव्हते. होडी एकदम उजवीकडे वळली, कडाड असा आवाज झाला, आणि आम्ही सगळे पाण्यात.

कोणी बुडालं नाही. पुढच्या जोडीतल्या थोनचा हात मोडला. पण होडी नाकापासून पोटापर्यंत उभी चिरली होती. ओढून काठावर आणली तेव्हा म्हाताऱ्या बायका तिच्यापाशी बसून मयतावर रडावं तशा रडल्या.

विहाराच्या पंचांपैकी एकानं चिखलातच विचारलं, "सावुत, हात कुठला वर केला होतास?"

"डावा," सावुत म्हणाला.

"थोन, तू बघितलास?"

"माझा हात मोडलाय, मला काय विचारता?" थोन कण्हला.

मग सगळे हुऑतकडे वळले. "काका, तुम्ही सांगा. कुठला होता?"

हुऑत ओल्या कपड्यांत कुडकुडत उभा होता. त्यानं सावुतच्या दिशेनं तोंड केलं आणि म्हणाला, "उजवा."

सासऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं कसं? सावुतनं सदऱ्याचं पाणी पिळून काढलं आणि तो चालू लागला.

गाव चिडलेलं होतंच. बाजारात नूडल विकणारी बाई वाडगा पुढं करून म्हणायची, "हा घे सावुत. चमचा धरतोस ना, तो उजवा!" पोरंटोरं त्याच्या मागून डावा-उजवा डावा-उजवा करत कवायत करायची. आम्हीही हसलो, मी नाकारत नाही. आठवड्याभरानं पाऊस संपला तसा सावुत राजधानीला बांधकामावर निघून गेला. मालिसला म्हणाला, "तू बाबांजवळ राहा. त्यांना कोण आहे?"

हुऑत दिवसभर ओसरीवर बसून राहायचा. जेवण अर्धं टाकायचा. लोकांना वाटलं, होडीच्या दुःखानं खंगतोय. उलट त्याची कणव करायला माणसं यायची. "काका, तुमची काय चूक? जावईच बावळट निघाला." असं कोणी म्हणालं की तो उठून घरात जायचा.

मालिसला संशय आला तो माशांवरून. दात दुखतो म्हणणारा माणूस ऊस सोलून खात होता. एका दुपारी ती दारात उभी राहिली.

"बाबा, माझा कुठला हात वर आहे?"

हुऑत तिच्या आवाजाकडे वळला.

"डावा," तो म्हणाला.

"दोन्ही खाली आहेत, बाबा."

त्यानं तोंड ओंजळीत लपवलं. मालिस ओरडली नाही. चुलीपाशी जाऊन तिनं भात उतरवला, त्याच्यासमोर ठेवला आणि पहिल्यांदाच मासा न निवडता वाढला. "तुमच्या जावयाचं तोंड आठवा आणि जेवा," म्हणाली.

पुढच्या उपोसथाला, म्हणजे व्रताच्या दिवशी, तो विहारात गेला. सगळं गाव जमलं होतं. तो बोलायला म्हणून उभा राहिला, घसा खाकरला, आणि खाली बसला. शेजारच्या म्हातारीला वाटलं चक्कर आली. तिनं पाणी दिलं. घरी येताना मालिस त्याच्या चार पावलं पुढं चालत होती, एकदाही मागं वळली नाही. त्याच्या पुढच्या उपोसथाला मात्र तो उभा राहिला तो उभाच राहिला.

"सावुतनं डावा हात केला असणार," तो म्हणाला. "मला हात दिसलाच नाही. मला दोन वर्षं काही दिसत नाही. मी खोटं बोललो."

मागून थोनचा आवाज आला, "दोन वर्षं? आम्ही सगळे आंधळ्याच्या मागं... नाही, पुढं बसत होतो होय?" एकदोघं हसले आणि लगेच गप्प झाले. नूडलवाली बाई रागानं म्हणाली, "होडीला रंगवलेले डोळे होते काका, तुमच्यापेक्षा तिला बरं दिसत असेल!" आणि मग तिचीच मान खाली गेली, कारण सावुतला सगळ्यांत जास्त तिनं छळलं होतं. भंते एवढंच म्हणाले, "हे त्याला जाऊन सांगा. आम्हाला सांगून काय उपयोग?"

मालिस त्याला बसनं राजधानीला घेऊन गेली. सावुत एका अर्धवट इमारतीखाली, पत्र्याच्या शेडमध्ये राहत होता. सासऱ्याला बघून त्यानं घाईघाईनं चटई झाडली. हुऑत चटईवर बसला नाही. त्यानं जावयापुढं हात जोडले. आमच्याकडे थोरल्यानं धाकट्यापुढं असं करत नाहीत. सावुतनं ते हात धरून खाली ओढले.

"असं नका करू बाबा. तुम्हाला दिसत नाही ते मला पाण्यातच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो." सावुत सिमेंटनं पांढरे झालेले आपले हात बघत होता. "आठवडाभर थांबलो. मग गेलो."

हुऑत जोरात रडला असता तर बरं झालं असतं, असं मालिस नंतर म्हणाली. तो नुसता जमिनीवर बसून राहिला. निघताना त्यानं विचारलं, "येशील का?"

"सणाला येईन," सावुत म्हणाला. "राहायला नाही."

राजधानीतल्याच दवाखान्यात मालिसनं त्याचे डोळे दाखवले. मोतीबिंदू काढून आधी एक, मग दुसरा, असे दोन्ही डोळे उघडले. इतकं सोपं होतं ते. गावी आल्यावर हुऑत घरी न जाता आधी विहाराच्या छपराखाली गेला. तिथं फुटकी होडी पालथी ठेवलेली होती. त्या चिरेवरून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवत गेला, पुन्हा सुरुवातीला आला, पुन्हा गेला. आम्ही लांबून पाहत होतो. कोणाला जवळ जायचा धीर झाला नाही.

नवी होडी व्हायला मधे एक पावसाळा गेला. तिचं मागचं वल्हं धरा म्हणून पंच हुऑतकडे गेले. आता दिसतंय तर काय हरकत, असं त्यांचं म्हणणं. तो म्हणाला, "नको. मला लाज वाटते." पंचांनी परत परत विचारलं, पण त्याचं उत्तर बदललं नाही. त्यानं थोनला शिकवलं. रोज पहाटे त्याच्याबरोबर छोट्या होडीतून जायचा, प्रत्येक खांब, प्रत्येक भोवरा डोळ्यांनी बघायला लावायचा. थोन ऐन जोरात असताना हुऑत मधेच म्हणायचा, "दिसत नसेल तर सांग. लगेच सांग." थोन वैतागून म्हणायचा, "दिसतंय हो काका, तुमच्या नाकावरची माशीसुद्धा दिसतेय!"

पाण्याच्या सणाला, म्हणजे शर्यतींच्या दिवसांत, सावुत आला. हुऑत सकाळपासून बसथांब्यावर जाऊन उभा होता. सावुत उतरला तशी त्यानं त्याची पिशवी घेतली. "बाबा, द्या ती," सावुत म्हणाला आणि एक बंद धरून ओढला. हुऑतनं सोडला नाही. भर रस्त्यात, सगळ्या दुकानांसमोर, सासरा-जावई एकमेकांकडे न बघता एकाच पिशवीची ओढाताण करत उभे राहिले. लोक दारांत आले. शेवटी सावुतनं हात सोडला. म्हातारा पिशवी खांद्यावर टाकून पुढं निघाला आणि सावुत मान खाली घालून त्याच्या मागोमाग घराकडे चालू लागला.