दाजीचं विन-प्लेस

आमचा दाजी आकाराम म्हंजे एक नमुना हाय. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून मी गप बसतो, न्हाईतर कवाच धुतला असता.

फौजेत त्यानं खेचरं सांभाळली. पेन्शनीवर पाटणला आला आणि घोड्यातलं आपल्याला लय कळतं म्हणून पुण्याच्या रेसला जायला लागला. पण एका घोड्यावर सगळं लावायची छाती न्हाई. निम्मं 'विन'वर, म्हंजे घोडा पहिला यावा. निम्मं 'प्लेस'वर, म्हंजे पहिल्या तिनात आला तरी चालंल. घोडा तिसरा आला की हा पेढे वाटायचा.

"आवं दाजी, विनवरचं बुडालं की!"

"पण प्लेसचं आलं का न्हाई, गड्या?"

आलेलं पेढ्यातच जायचं. बरं, रेसपुरतं ठेवावं ना! ह्यानं घरातबी तेच आणलं. बाहेर निघाला की डोळ्याला गॉगल आणि काखेत छत्री. ताप आला की डॉक्टरची निम्मी गोळी आणि वर देवऋषीचा अंगारा. मग ताप निम्माच उतरायचा.

औंदा माझी थोरली बहीण, शालूताई, सरपंचपदाला उभी राहिली. आमच्या वरच्या वस्तीला नळ न्हाई. बायका खालच्या आळीतल्या विहिरीवरनं हंडे वर चढवत्यात. ताईची मान त्यातच गेली. नळ आणायचा, एवढंच तिला पायजे होतं. समोर एकटी मंगल, खालच्या आळीची. तिला आधी आळीच्या तोंडाला कमान बांधायची होती.

मतदानाला दाजीच्या आंधळ्या आत्याला, अंबूबाईला, सोबती म्हणून दाजीच आत गेला. ताईनं आत्याकडनं घोकून घेतलंवतं, "आत्या, वरचं बटण."

मोजणी झाली आणि दोघींना मतं सारखीच! मग चिठ्ठी टाकली. मंगलची निघाली. गुलाल तिकडं उधळला. ताई घरी येऊन मटकन खाली बसली. मला तर रडूच फुटलं.

दाजी मात्र निवांत. "रडताय कशाला? दुसरा नंबर आला की!"

तवा कोपऱ्यातनं आत्या बोलली, "आकाराम, तवाच इचारणार होते. माझं बोट तू खालच्या बटणावर का रं नेलंस?"



"माझं मत विनवर, शालूला," दाजी म्हणाला. "तुझं प्लेसवर, मंगलला. कोणबी येऊ दे, आपण बुडायला नको."

मी चप्पल काढली. ताईनं माझा हात धरला. डोळं पुसून तिनं इचारलं, "आवं, पुण्यात दोनच घोड्या पळाल्या, तर दुसरीला काय मिळतं?"

घोड्याचा विषय निघाला की दाजीला भान ऱ्हात न्हाई. "खुळी का काय! दोन घोड्यांत प्लेसवर पैसं घेतच न्हाईत. तिथं पहिलाच नंबर, बाकी समदं..." आणि त्याचं तोंड तसंच उघडं ऱ्हायलं.

ताईनं रिकामा हंडा उचलून त्याच्या पुढ्यात ठेवला. "नळ येस्तवर पाणी तुमी आणायचं."

"निम्मं तू आणशील न्हवं?"

"समदं तुमी."

मंगलची कमान झाली. चांगली उंच हाय. दाजी रोज तिच्याखालनं हंडा घेऊन वर येतो.