अंबाडीचं इंग्रजी नाव

सौदीतल्या अल-खोबरला येऊन आठ वर्षं झाली, तरी माझी जीभ लातूरलाच राहिली आहे. इथं मेथी मिळते, पालक मिळतो, शेपू तर हवा तेवढा मिळतो. अंबाडी मात्र मला कुठल्याच दुकानात दिसली नाही. तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वरून लसणाची चरचरीत फोडणी दिलेली ती आंबट भाजी ज्यानं खाल्ली नाही, त्याला माझं दुःख कळायचं नाही. मी समजावण्याच्या भानगडीतही पडत नाही. मागच्या सुटीत वहिनीकडून मूठभर बी मागून घेतलं.

आमचे हे एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर आहेत. मशीनला अजिबात घाबरत नाहीत, कागदाला घाबरतात. इकाम्याची, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याची मुदत, गाडीचे कागद, शाळेचे फॉर्म, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. गावाहून निघताना बॅग भरली की पहिला प्रश्न, "खसखस नाही ना?" खसखशीला या देशात बंदी आहे, हे इथल्या प्रत्येक भारतीय घराला तोंडपाठ असतं. एकदा वहिनीच्या काळ्या मसाल्यात चमचाभर खसखस पडलीय एवढं कळलं, तर यांनी अख्खा डबा विमानतळावर सोडायला आलेल्या भावाच्या हातात परत दिला. विमान इथं उतरेपर्यंत मी यांच्याशी बोलले नव्हते. अंबाडीच्या बियांची पुडी मात्र त्यांनी स्वतः उघडून बघितली, वास घेतला आणि जाऊ दिली.

सप्टेंबर सरताना उकाडा जरा नरमला, तेव्हा मी लबनेहच्या पाच रिकाम्या बादल्यांना भोकं पाडून त्यात बी टाकलं. लबनेह म्हणजे इथला घट्ट चक्का, मोठ्या बादल्यांतून मिळतो. नर्सरीची माती, चहाचा चोथा आणि एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी, एवढ्यावर रोपं अशी तरारली की मी रोज सकाळी चहा घेऊन गॅलरीतच बसायला लागले. खालची पानं गोलसर असतात. रोप कमरेपर्यंत आलं की वरची पानं फुटतात ती पंजासारखी, लांब बोटांची आणि कडेला करवतीसारख्या दात्यांची. मला ती फार देखणी वाटायची. आपण खरंच सुखात आहोत, असं वाटायला मला तेवढं पुरतं.

आमची मुलगी तेव्हा पाचवीत होती. शाळेत प्रोजेक्ट होता, घरातल्या एका झाडाचं चित्र काढून माहिती लिहायची. तिनं अंबाडीचं पान अगदी दात्यांसकट काढलं आणि विचारलं, "मम्मी, इंग्लिशमध्ये काय लिहू?" आता मी बी.ए. झालेली बाई. माहीत नाही कसं म्हणणार? मोबाईलमधला शब्दकोश उघडला. त्यात होतं, डेक्कन हेम्प. मला ते नाव भारदस्त वाटलं. दख्खनचं झाड, आपलंच झालं की. लहानपणी वडील अंबाडीच्या वाखाचे दोर वळायचे, तेही मी तिला लिहायला सांगितलं. स्पेलिंगसुद्धा मीच सांगितलं.

सोमवारी संध्याकाळी वर्गशिक्षिकेचा फोन आला. "मॅडम, कल चार बजे दोनों पेरेंट्स आ जाइए. थोड़ा सेन्सिटिव मॅटर है." प्रोजेक्टबद्दल आहे एवढंच त्यांनी सांगितलं. यांनी मुलीची कच्ची वही उघडली, शब्द वाचला आणि मोबाईलवर हेम्प टाकून बघितलं. पडद्यावर पान आलं. लांब बोटं, करवतीचे दाते. गांजा!

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मुलगी तिथंच उभी होती. हे मला म्हणाले, "अगं, कुणी नुसता फोटो काढून पाठवला तर काय होईल माहितीय? आधी मला पकडतील, मग विचारतील. नोकरी, इकामा, सगळं खलास." मग मुलीकडे वळून, "कुणाला काही सांगायचं नाही. कुणालाच. कळलं?" तिनं मान हलवली.

"आत्ताच उपटून टाक," म्हणाले. मी म्हटलं, "भाजीला घाबरून भाजी उपटणार नाही. उद्या शाळेत जाऊन येऊ, मग तुम्ही म्हणाल ते." हे वरवरचं बोलणं होतं. आतून मीही हादरले होते. माझ्या हौसेपायी यांच्या पोटावर पाय आला तर, हा विचार काही केल्या जाईना.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेतून आली, जेवली. दार आतून लावून तासभर एकटं राहायची तिला सवय होती. आम्ही निघालो. यांनी इकामा तीनदा चाचपला. माझ्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली अंबाडीची एक फांदी होती. ते मी यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर गाडी सुरूच झाली नसती.

वर्गशिक्षिकेनं आम्हाला कोऑर्डिनेटर मॅडमच्या खोलीत बसवलं. या मॅडम गुंटूरच्या, वयानं मोठ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. पुढ्यात मुलीचं चित्र. "ये क्या है, आप बता सकते हैं?" हे घसा साफ करत राहिले. मी रुमाल उघडून फांदी टेबलावर ठेवली. यांच्या तोंडून "अगं!" एवढंच निघालं.

मॅडमनी खालचं एक गोल पान चुरडलं, वास घेतला आणि मी काही बोलायच्या आत सरळ तोंडात टाकलं. चावता चावता त्यांचे डोळे मिटले. "गोंगुरा!" त्या म्हणाल्या. "अरे, ये तो हमारा गोंगुरा है! चार साल से ताज़ा पत्ता नहीं देखा मैंने." मग वर्गशिक्षिकेला म्हणाल्या, "भेंडी की बहन है ये. कुछ नहीं है." चित्राखाली 'खायची पालेभाजी' असं लिहून आणायला सांगितलं आणि आम्हाला दारापर्यंत सोडताना हळूच विचारलं, "एक गड्डी मिलेगी?"

परतताना हे गाडीत शीळ वाजवत होते. मध्येच थांबून मुलीसाठी कुनाफ्याची मिठाई घेतली. मी म्हटलं, "मॅडमना उद्याच जुडी देऊ." ते म्हणाले, "दोन दे." इतके मोकळे मी त्यांना फार दिवसांनी बघत होते.

घरी आलो, गॅलरीत गेले आणि तिथंच थबकले. पाचही बादल्यांत नुसते वीतभर खुंट उभे होते.

मुलगी आतल्या खोलीत होती. शाळेची बोथट कात्री बाजूला पडलेली, बोटं हिरवीगार, एका बोटाला फोड आलेला. भरलेली काळी पिशवी ती पलंगाखाली ढकलत होती. यांना बघून म्हणाली, "पापा, मैंने सब काट दिया. अब पुलिस आएगी तो कुछ नहीं मिलेगा."

हे कुनाफ्याच्या खोक्यासकट खाली जमिनीवर बसले. "अगं बाळा, आम्हाला एकदा विचारायचं तरी."

"बट यू सेड, कुणाला सांगायचं नाही."

"कुणाला म्हणजे आम्हाला नाही," ते म्हणाले. तिच्या बोटावरचा फोड ते किती तरी वेळ बघत राहिले.

मी पिशवी ओढून वर्तमानपत्रावर रिकामी केली. पानं अजून टवटवीत होती. खुंटांना पंधरा दिवसांत परत पालवी फुटेल, असं मी तिला सांगितलं आणि ते खरंच होतं. आधी मॅडमच्या दोन जुड्या बांधून बाजूला ठेवल्या. मग आम्ही तिघं पानं खुडायला बसलो. रात्रीची भाजी चांगली पातेलंभर होणार होती.

थोड्या वेळानं मुलीनं विचारलं, "पापा, आर यू स्टिल स्केअर्ड?"

मला वाटलं, नेहमीसारखं "छे, कशाला" म्हणतील.

"थोडासा," ते म्हणाले. आठ वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. पोरगी सरकून त्यांच्या मांडीला टेकून बसली आणि दोघं एकाच फांदीची पानं खुडायला लागले.