सायकलवरचा कॅमेरा आणि सैल झालेला बोल्ट

सोमवारी सकाळी सुरतच्या डिंडोलीतल्या हार्डवेअरच्या दुकानासमोर मी सायकल लावली आणि दुकानातल्या काकांना म्हटलं, या हँडलवर कॅमेरा बसवायचाय. काकांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पुढच्या बास्केटमधल्या माझ्या जेवणाच्या डब्याकडे...

त्यांचंही बरोबर आहे म्हणा. सगळं पहिल्यापासून सांगते.

मी पर्वत पाटियाला साड्यांना लेस लावायच्या कारखान्यात कामाला जाते. रिक्षासाठी ताटकळायचा कंटाळा आला म्हणून यंदा सायकल घेतली, आणि तिकडे पारोळ्याजवळच्या गावात माझ्या मायच्या जिवाला घोर लागला. बसमध्ये तिला उलट्या होतात, आता गुडघेही धरलेत, त्यामुळे सुरत तिनं कधी पाहिलेलीच नाही. तिच्या डोक्यातली सुरत म्हणजे नुसते ट्रक!

रोज फोनवर एकच प्रश्न... "तू बरी शे ना वं?" मी म्हणायचे, बरी आहे. मग ती म्हणायची, सायकल सोड, नाहीतर कामच सोड. मायजवळ राहणारी माझी वहिनी एकदा हळूच म्हणाली की संध्याकाळी मी घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत माय जेवत नाही. मला रागही आला आणि वाईटही वाटलं.

मग ठरवलं, हिला रस्ताच दाखवायचा. कॅनालच्या बाजूनं मी किती मोकळ्या रस्त्यानं जाते ते एकदा डोळ्यांनी बघितलं की सुखानं दोन घास खाईल.

माझ्या धाकट्या दिराला मध्यंतरी बाइकवर व्हिडिओ काढायचं वेड लागलं होतं. वेड गेलं, काडेपेटीएवढा कॅमेरा कपाटात पडून राहिला, आणि त्याचा स्टँड हरवला. नवा मागवता आला असता... पण मला स्वस्थ बसवतं कुठे! दिवसभर लेस लावणाऱ्या बाईला एवढासा कॅमेरा बांधता येऊ नये?

पहिला प्रयोग हेल्मेटवर. रुंद इलॅस्टिकचा पट्टा शिवला, खाली स्पंजचा तुकडा घातला. नवरा म्हणाला, कोळशाच्या खाणीत निघालीस का?

व्हिडिओ मला तरी झकास वाटला. पण मी मान वळवीन तिकडे कॅमेरा! रिक्षा बघितली, गाय बघितली, हातगाडीवरची वांगी बघितली... वहिनीच्या मोबाइलवर बघता बघता मायला गरगरायला लागलं. घरबसल्या बस लागली बिचारीला.

दुसऱ्या दिवशी ओढणीनं छातीशी बांधला. त्यात आलं काय, तर माझे दोन हात आणि डबा. मायनं डब्याचं कौतुक केलं आणि पुन्हा विचारलं, सायकल कधी सोडतेस.

म्हणून सोमवारी काकांकडे. भिंतीला पाइप धरून ठेवतात ना, तो क्लॅम्प त्यांनी काढला. सरकू नये म्हणून आत सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, वर बाटलीचं झाकण, झाकणाला मधोमध भोक पाडून ते क्लॅम्पला जोडणारा एक उभा बोल्ट. कॅमेरा त्या झाकणावर ठेवून ट्यूबच्याच रबरानं आवळला. काका असे रंगले की दारातलं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं.

कॅमेरा थोडा वर तोंड करून बसवायचा, नाहीतर नुसतं चाक दिसेल, हेही त्यांनीच सुचवलं. निघताना म्हणाले, "बेन, बोल्ट जोता रेजो." म्हणजे बोल्टकडे लक्ष ठेवा. मी कशाला ठेवतेय!

जेवणाच्या सुट्टीत कॅमेऱ्यातला व्हिडिओ मोबाइलवर घेतला आणि न बघताच वहिनीला पाठवून दिला. वर ऐटीत लिहिलं, हा बघ रस्ता, आता मायला वेळेवर जेवायला बसव.

मग डबा खाता खाता स्वतः बघायला घेतला... आणि घास तोंडातच राहिला. पहिल्याच स्पीड ब्रेकरला बोल्ट सैल झालेला आणि कॅमेरा गर्रकन माझ्याकडे फिरलेला. पुढचा अख्खा रस्ता माझं थोबाड! हनुवटीखालून काढलेलं, हेल्मेटच्या पट्ट्यात गाल दाबलेले. मी नाक खाजवतेय, मध्ये घुसणाऱ्या बाइकवाल्याला झापतेय, आणि बाकी सगळा वेळ मजेत आमच्याकडच्या कानबाई देवीची गाणी म्हणतेय. मी सायकलवर गाते, हे मलाच माहीत नव्हतं.

लाजेनं मेले. घाईघाईनं वहिनीला फोन केला, म्हटलं दाखवू नकोस. तोवर माय दोनदा बघून बसली होती. तिनं फोन घेतला. मी म्हटलं, माय, रस्ता काही दिसला नाही, उद्या पुन्हा काढते.

"रस्ताले काय करू वं मी?" माय म्हणाली. "तू गाना म्हनी ऱ्हायनी..."

रडायलाच लागली ती. लग्नाआधी मी घरभर गात फिरायचे, त्यानंतर आजच ऐकलं म्हणाली. मी फोनवर रोज बरी आहे म्हणायचे खरी, पण तेवढ्यानं तिची खात्री कशी पटावी? मीही रडले. शेजारी जेवायला बसलेली मुलगी घाबरून पाणी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी काकांनी बोल्ट आवळायला पाना काढला. मी म्हटलं, आवळा, पण कॅमेऱ्याचं तोंड माझ्याकडेच असू द्या. मग त्यांना मायचं सगळं सांगितलं, तर त्यांनी गुपचूप बोल्टला आणखी एक नट चढवला.

त्या संध्याकाळी कारखान्यातून निघायला उशीर झाला. घरी पोचल्या पोचल्या चप्पलही न काढता फोन लावला... मी पोचले म्हणून सांगायला, आणि उशीर झाला म्हणून बोलणी खायला.

वहिनी हसायला लागली. म्हणाली, माय केव्हाच जेवली.