त्याची डबी, माझे हात

पहिल्यांदा तो बारीक स्क्रू त्याच्या बोटांतून निसटला तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो. रविवारची दुपार होती. नेदरलँड्समधल्या बेस्ट गावातल्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर त्याने पांढरा टॉवेल पसरला होता आणि त्यावर चिमटा, छोटी कात्री, घड्याळजीकडे असतो तसा स्क्रूड्रायव्हर आणि कापसाची पिशवी मांडली होती. स्क्रू टॉवेलवर पडला. त्याने उचलला, परत पडला. मग मीच उचलून दिला.

"चष्म्याचा नंबर वाढलाय," तो म्हणाला.

चष्म्याचा काही संबंध नव्हता. पण ते कळायला पुढचा अख्खा हिवाळा जावा लागला.

माझा नवरा यंत्रांत रमणारा माणूस. पुण्यात इंजिनिअर झाला आणि इथे ज्या कंपनीत आला तिथे केसापेक्षा बारीक मापांत काम चालायचं. कॉलेजपासून सिगारेट ओढायचा. लग्नानंतर मी रुसून पाहिलं, भांडून पाहिलं, मुलगी झाल्यावर तिची शपथ घालून पाहिलं. शेवटी सिगारेट सुटली ती या डबीमुळे. डबी हा आमच्या घरातला शब्द. लोक त्याला व्हेप म्हणतात. तळहातात मावेल अशी चौकोनी पेटी, आत बॅटरी, एक छोटी पारदर्शक टाकी आणि टाकीच्या पोटात तारेची कॉइल. कॉइलमधून कापूस ओवायचा, तो लिक्विड शोषून घेतो, बटण दाबलं की तार तापते आणि वाफ होते. वापरून फेकून द्यायचे व्हेप त्याला आवडायचे नाहीत. ह्यातली कॉइल आणि कापूस आपला आपण बदलता येतो, म्हणजे एकच यंत्र वर्षानुवर्षं चालतं. आठवड्यातून एकदा तो डबी उघडून बसायचा आणि तेवढा वेळ त्याच्याशी कोणी बोलायचं नाही.

मला ती वस्तू आवडत नव्हतीच. पण शर्टांना येणारा वास गेला होता, जिना चढताना तो खोकत नव्हता, म्हणून मी गप्प होते. नियम एकच होता: घरात नाही, मागच्या बागेत.

त्या हिवाळ्यात शर्टाची बटणं लावायला त्याला वेळ लागू लागला. मग कुलपात किल्ली फिरेना. मग सायकलचा ब्रेक दाबला जाईना आणि तो कालव्याच्या कडेला पडला, तेव्हा आमच्या हाउसआर्ट्सने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, त्याला नसांच्या डॉक्टरकडे पाठवलं. तपासण्या झाल्या. त्या डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढून, आमच्या दोघांच्या डोळ्यांत बघत, एकदाही न अडखळता सांगितलं; अडखळल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत होत्या. आधी हात, मग पाय, मग गिळणं आणि श्वास. उपाय नव्हता.

परत येताना गाडी मी चालवत होते.

"बुद्धी शाबूत राहते म्हणाल्या ना त्या?" त्याने विचारलं.

"हो."

"म्हणजे सगळं बघायचं."



वसंतात एका सकाळी त्याने कोपराने डबी माझ्याकडे सरकवली. कापूस जळून काळा पडला होता. आदल्या दिवशी त्याने दुपारभर खटपट करून पाहिली होती, चिमटा दोन्ही हातांत धरून, आणि शेवटी टॉवेल तसाच गोळा करून ठेवला होता.

"तू करशील का?"

"नाही," मी म्हणाले. "तुझ्यासाठी बाकी सगळं करीन. हे विष मी माझ्या हाताने भरून देणार नाही."

"बरं," तो म्हणाला. "मग सिगारेट आण. ती ओठांत धरता येते."

तो धमकी देत नव्हता. बसने जमत नसेल तर ट्रेनने जाऊ, असं सांगावं तसं सांगत होता.

त्याच आठवड्यात हाउसआर्ट्स घरी आल्या. माझ्याच वयाच्या, सायकलवरून यायच्या, आमच्याशी इंग्रजीत बोलायच्या. मी मुद्दाम त्याच्यासमोर विषय काढला. त्या त्याला दटावतील, माझं ओझं उतरेल, असा माझा हिशेब होता.

"फुप्फुसांना हे चांगलं नाही, ते तुम्हालाही माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि मग त्याच्याकडे वळल्या. "तुम्हाला यातून काय मिळतं?"

"सकाळी बागेत तेवढा वेळ मी आजारी नसतो," तो म्हणाला.

"मग मी ते काढून घ्या असं सांगणार नाही," त्या मला म्हणाल्या.

मला इतका राग आला की मी कॉफीचंही विचारलं नाही. आजारी माणसालाच विचारायचं, तुम्हाला काय हवंय. इथली ही रीत. आपल्याकडे डॉक्टर घरच्यांना बाजूला घेतो आणि घरचे ठरवतात. पण त्या गेल्यावर मी टॉवेल पसरला.

तो समोर बसला, हात मांडीवर ठेवून. फार वाईट शिक्षक होता. मुलीला गणित शिकवतानाही ओरडायचा.

"आधी बॅटरी काढ. ती आत असताना कशाला हात लावायचा नाही. आता जुनी कॉइल. स्क्रू पूर्ण काढू नको, नुसता सैल कर. पूर्ण काढलास!"

"दिसत नाहीये मला."

"दिवा लाव मग."

नव्या कॉइलचे दोन तारेचे पाय दोन स्क्रूंखाली अडकवायचे, कॉइल मधोमध तरंगती ठेवायची, कुठे टेकू द्यायची नाही, आणि पायांची उरलेली टोकं अगदी जवळून कापायची. मग बॅटरी घालून बटण क्षणभर दाबून सोडायचं. तार लालसर झाली.

"कुठून लाल होतेय? मधून की कडेने?"

"कडेने."

"चूक. मधून सुरू होऊन बाहेर जायला पाहिजे. बटण सोड आणि चिमट्याने वेढे दाब. बटण सोडून गं, भाजशील!"

कापूस घेतल्यावर मात्र मला हायसं वाटलं. कापसाची मला सवय होती. मी पट्टी घेऊन तळहातांत वळली, देवापुढच्या समईसाठी वळते तशी. तो मोठ्याने हसला. त्या आजारात हसू लवकर येतं, रडूही, कारण नसताना. पण ते हसू त्याचंच होतं.

"वळू नकोस, वात नाहीये ती! पीळ पडला की लिक्विड आत जात नाही. सैल ओव. ओवताना किंचित अडलं पाहिजे. तार वाकली म्हणजे कापूस जास्त झाला."

माझा पहिला कापूस जास्त झाला होता. बागेत मी डबी त्याच्या ओठांना लावून बटण दाबलं आणि तो खोकत सुटला, डोळ्यांतून पाणी आलं. जळक्या कापसाची चव घशात दिवसभर राहते म्हणे. दुसऱ्या वेळी कापूस कमी झाला आणि सगळं लिक्विड गळून माझ्या बोटांवरून त्याच्या स्वेटरवर गेलं. मग हळूहळू जमलं. कापसाची टोकं तिरकी कापायची, कॉइलखालच्या खाचांत नुसती टेकवायची, कोंबायची नाहीत, लिक्विडने ओली करायची, टाकी भरायची आणि थोडं थांबायचं. उन्हाळ्यापर्यंत माझ्या हाताची डबी त्याच्या हाताच्या डबीइतकीच चांगली चालायला लागली. तो तसं म्हणाला नाही. तक्रार करायचा थांबला.

उन्हाळ्यात तो व्हीलचेअरवर होता. सकाळी मी त्याला बागेत न्यायची आणि शेजारी स्टुलावर बसून डबी धरायची. तो मान थोडी पुढे करायचा. मी बटण दाबायची, तो ओढायचा, मी सोडायची. वाफ आमच्या कुंपणावरून पलीकडे जायची. या वेळेत आम्ही फारसं बोलायचो नाही. त्याचे शब्दही जड झाले होते, तोंडात काहीतरी ठेवून बोलावं तसे.

मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षांत होती. आम्ही मराठीत बोलायचो, ती डचमध्ये उत्तर द्यायची. एका सकाळी सायकल काढताना ती बागेच्या दारात थांबली आणि आमच्याकडे बघत राहिली.

"माझ्या दप्तरात हे सापडलं असतं तर?" तिने मला विचारलं.

"बाबांची गोष्ट वेगळी आहे."

"शाळेत आम्हाला फुप्फुसांचे फोटो दाखवतात. आणि तू त्यांना धरून देतेस."

मी काही म्हणायच्या आत तो म्हणाला, एकेक शब्द ओढून काढत, "माझी चूक आहे. तू करू नकोस. एवढंच."

ती निघून गेली. त्या दिवसापासून ती सकाळी पुढच्या दाराने जायला लागली. मी तिला समजवायला गेले नाही, कारण ती म्हणाली त्यात खोटं काही नव्हतं.

पानं पडायला लागली त्या सुमारास तो म्हणाला, "घट्ट झालंय."

"काय?"

"ओढलं जात नाही. हवेची वाट बंद झालीये. बघ."

हवा आत येण्यासाठी डबीला एक भोक असतं, ते कमीजास्त करता येतं. मी ते पूर्ण उघडलं. तरी घट्ट. मी कापूस बदलला, पातळ घातला. तरी तेच. दुसऱ्या दिवशी मी सगळे भाग सुटे करून गरम पाण्याने धुतले, भोकात टाचणी फिरवली, नवी कॉइल बसवली. डबीच्या छोट्या पडद्यावर दिसणारा तारेच्या रोधाचा आकडा बरोबर होता, तार मधून लाल होत होती.

"काहीतरी चुकतंय तुझं," तो चिडून म्हणाला. "कचरा अडकलाय आत."

"काही अडकलेलं नाही."

"मग ओढलं का जात नाही?"

मी डबी घेऊन स्वयंपाकघरात आले. सिंकपाशी उभी राहून मी ती माझ्या तोंडाला लावली. मी आयुष्यात कधी सिगारेट ओढली नव्हती, डबीही नाही. बटण दाबून श्वास घेतला. काही अडलं नाही. तोंड भरून गरम वाफ आली, इतकी की मला ठसका लागला आणि माझ्यापुढे पांढरा ढग झाला. यंत्रात काहीही घट्ट नव्हतं.

मी सिंकची कड धरून उभी राहिले. काचेच्या दारापलीकडे तो खुर्चीत बसला होता, तोंड माझ्याकडे करून. त्याला सगळं दिसत होतं.

बाहेर गेले तेव्हा त्याने विचारलं, "आली?"

"आली."

"सहज?"

खोटं बोलायला मला एक क्षण मिळाला होता. पण आयुष्यभर मापांत काम केलेल्या माणसाला काय सांगणार? "सहज," मी म्हणाले.

तो कुंपणाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे डबी ठीक आहे."

मी त्याच्या खुर्चीच्या हातावर डोकं टेकवलं. त्याला माझ्या केसांवर हात ठेवता येत नव्हता. मीच त्याचा हात उचलून ठेवला.

दवाखान्यात एका नळीत फुंकायला लावलं आणि त्यांनाही तेच दिसलं. श्वासाचे स्नायू गेले होते. झोपताना लावायला मास्क आला. हाउसआर्ट्स पुन्हा आल्या, या वेळी बराच वेळ बसल्या, आणि त्याला शांतपणे विचारलं: गळ्यात नळी घालून यंत्रावर राहायचं आहे का, आणि नसेल तर शेवट कधी असावा हे स्वतः ठरवायचं आहे का, या देशात ते करता येतं. मुलगी जिन्यात बसून ऐकत होती.

"नळी नको," तो म्हणाला. "दुसऱ्या गोष्टीचा विचार करतो."

तो विचारच करत राहिला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

डबी आणखी थोडे दिवस चालली. मी हवा पूर्ण उघडी ठेवायची, कापूस अगदी हलका घालायची. तो ओठांनी थोडंसं ओढायचा, मूठभरही वाफ नाही. मग एका सकाळी मी बटणावर अंगठा ठेवला तेव्हा त्याने मान वळवली.

"नको. दमायला होतं."

लग्नापासून मला जे हवं होतं ते असं झालं.

फेब्रुवारीत तो गेला, सकाळी, मास्क लावलेला असताना. आदल्या दोन दिवसांत तो गुंगीतच होता. मुलीला शाळेत पाठवलं नव्हतं. ती त्याच्या पायांशी बसली होती, मी उशाशी. छाती वर आली आणि पुन्हा आली नाही. मास्कचं यंत्र मात्र हवा सोडत राहिलं, आणि ते कसं बंद करायचं ते मुलीलाच माहीत होतं. तिने बंद केलं.

नंतर माणसं आली आणि आजारपणासाठी आणलेला पलंग घेऊन गेली, व्हीलचेअर घेऊन गेली, मास्कचं यंत्र पुसून पेटीत ठेवलं. सगळे हळू बोलत होते. डबी न्यायला कोणी येणार नव्हतं. ती घरात मुलीच्या हाती लागेल अशी ठेवायची मला भीती वाटत होती, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकता येत नाही. शेवटी मी उरलेलं लिक्विड बाटलीत भरलं, कॉइल काढली, टाकी धुतली आणि गेमेंतेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, जुन्या वस्तू गोळा करण्याच्या केंद्रावर गेले. तिथल्या माणसाने डबी हातात घेऊन उलटीपालटी केली.

"बॅटरी काढली का?" त्याने विचारलं.

"काढली."

"चालत नाही का?"

"चालते," मी म्हणाले. "अगदी व्यवस्थित चालते."

त्याने खांदे उडवले आणि ती बारीकसारीक विजेच्या वस्तूंच्या जाळीच्या पिंजऱ्यात टाकली, टोस्टर आणि केस वाळवायच्या यंत्रांमध्ये. मी गाडीत येऊन बसले आणि बसूनच राहिले. मागे रांग लागली होती. थोड्या वेळाने कोणीतरी काचेवर टकटक केलं, एक म्हातारी बाई, हातात तुटका दिवा. सगळं ठीक आहे ना, तिने विचारलं. मी हो म्हणाले आणि गाडी सुरू केली.